गणित कच्चं, की वाक्यच कळलं नाही?



मागच्या महिन्यात चाकणजवळच्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. कारण काय, तर "पोरगी चौथीत आहे, गणितात ढ आहे, क्लास लावायचाय." पोरगी शेजारीच मान खाली घालून बसली होती. मी तिला वहीवर 17 − 5 घातलं. लगेच 12 लिहिलं. मग हे उदाहरण दिलं : 'रमाकडे 17 बोरं आहेत. तिच्याकडे सीमापेक्षा 5 बोरं जास्त आहेत. तर सीमाकडे किती?' तिने लिहिलं 22. 'जास्त' शब्द दिसला की बेरीज करायची, असं तिच्या डोक्यात बसलेलं. म्हणजे वजाबाकी येत होती, वाक्य कळलं नव्हतं.

आकड्यांच्या नावांतही अशीच अडचण आहे. 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी येतात, साठ नंतर. लिहिताना मात्र आधी 6, मग 3. म्हणून लहान मुलं 36 लिहून मोकळी होतात. 'एकोणसाठ' म्हणजे साठाला एक कमी, पण मूल 'साठ' ऐकून 69 लिहितं. हे ओळखूनच 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'सोबत 'साठ तीन' असंही वाचन दिलं. त्यावरून राज्यभर वाद झाला. तेव्हा गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी, मुलांना सोपं जावं म्हणून हे केलंय, असं समजावून सांगितलं होतं.

आपल्या भागात कंपन्यांमुळे उत्तर प्रदेश, बिहारहून आलेली कुटुंबंही राहतात. त्यांच्या मुलांची घरची भाषा हिंदी किंवा भोजपुरी. मराठी शाळेत 'पेक्षा', 'प्रत्येकी', 'उरले' हे शब्दच त्यांना नवे असतात. त्यांना तर लगेच ढ म्हणू नका.

घरी एवढं करा :
1. मुलाला उदाहरण मोठ्याने वाचायला लावा.
2. "काय झालंय, काय विचारलंय, ते तुझ्या शब्दांत सांग," असं म्हणा. आकडेमोड नंतर.
3. शेंगदाणे किंवा काड्या मांडून दाखवायला सांगा.
4. गटाचं पासबुक समोर ठेवा. कर्ज किती, फेडलं किती, बाकी किती, हे वाचून घ्या.

आपण शाळा शिकलो नसलो तरी चालतं. मुलाने सांगायचं, आपण ऐकायचं.

त्या ताई म्हणाल्या, "महिनाभर करून बघते, मग क्लासचं ठरवू." तुम्हीही बघा, पुढच्या बैठकीत सांगा.