दाताचा डॉक्टर सीमेपलीकडे!

अमेरिकेत ज्येष्ठांसाठी १९६५ च्या कायद्याने आलेली मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना आहे, पण मूळ योजनेत दात साफ करणं, दाढ भरणं, कवळी यांचा खर्च धरलेलाच नाही. मग अनेक जण ॲरिझोनातल्या युमाजवळ गाडी लावतात आणि चालत मेक्सिकोतल्या लॉस अल्गोदोनेसला जातात. वस्ती जेमतेम काही हजार, दंतवैद्य मात्र शेकड्यांनी! टोपणनावच ‘मोलर सिटी’. हिवाळ्यात तर उत्तरेकडून आलेल्या आजी-आजोबांची नुसती जत्रा. क्राउन, रूट कॅनाल बहुतेकदा अमेरिकेच्या निम्म्याहून कमी पैशांत होतं.

इम्प्लांटचं मात्र नीट समजून घ्या. त्याचा स्क्रू जबड्याच्या हाडात पक्का व्हायला साधारण ३ ते ६ महिने लागतात, कायमचा दात त्यानंतरच. म्हणजे दोन फेऱ्या आल्याच. ‘एका दिवसात नवे दात’ या पाट्यांवर मी तरी भाळणार नाही, ते बहुधा तात्पुरते असतात. इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, एक्स-रे हे सगळं मागून घ्या, नाहीतर घराजवळचा डॉक्टर पुढे त्याला हात लावायला कुरकुरतो. परतताना पासपोर्ट किंवा पासपोर्ट कार्डासारखं ओळखपत्र लागतं. रांगही मोठी.

सीमा ओलांडायची नसेल, तर अमेरिकेतल्या दंतमहाविद्यालयांत प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी स्वस्तात उपचार करतात. वेळ भरपूर जातो, एवढंच.