तारीख योगायोगाची, वय नव्हे

वर्तमानपत्रातले ‘दिनविशेष’ हे सदर अनेक जण सकाळच्या चहाबरोबर न चुकता वाचतात. आज कोणाची जयंती, कोणाची पुण्यतिथी, कोण जन्माला आले आणि कोण गेले, अशी ती यादी आता मोबाइलवरही पहाटेपासून फिरू लागते. त्यातही गायक-संगीतकारांच्या तारखा आपल्याला जास्त जवळच्या वाटतात. ३१ जुलै म्हटले की रफी, ४ ऑगस्ट म्हटले की किशोर, २८ सप्टेंबर म्हटले की लतादीदी. पनवेल-खारघर परिसरातले हौशी गायक आपले कराओकेचे कार्यक्रम याच तारखांच्या आसपास ठेवतात.

ही यादी रोज वाचणाऱ्याला काही जुळण्या दिसतात आणि तो चमकतो. लता मंगेशकर यांचे निधन ६ फेब्रुवारी २०२२ रोजी झाले. त्यांनी १९६३ च्या जानेवारीत दिल्लीत गायलेले, आजही डोळ्यांत पाणी आणणारे देशभक्तिगीत ज्यांनी लिहिले, त्या कवी प्रदीप यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९१५ चा. किशोरकुमार १३ ऑक्टोबर १९८७ रोजी गेले. त्याच दिवशी त्यांचे थोरले बंधू अशोककुमार यांचा ७६ वा वाढदिवस होता. आशा भोसले आणि भूपेन हजारिका या दोघांचा जन्म ८ सप्टेंबरचा, तिचा १९३३ मधला आणि त्यांचा १९२६ मधला. ‘हा काय निव्वळ योगायोग म्हणायचा?’ असा प्रश्न अशा वेळी हमखास येतो.

उत्तर ‘हो’ असेच आहे. पण याच यादीत एक गोष्ट अशी आहे की जी योगायोगाची नाही, आणि नेमकी तीच आपण वाचायची सोडून देतो. तिच्याकडे जाण्याआधी तारखांचा हिशेब उरकून घेऊ.

डब्यातल्या तेवीस जणांचा हिशेब

सकाळच्या पनवेल-सीएसएमटी लोकलमध्ये रोज एकाच डब्यातून जाणारा तेवीस जणांचा गट आहे, असे समजा. त्यांच्यापैकी कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता किती? वर्षाचे दिवस ३६५ आणि माणसे फक्त तेवीस, म्हणजे शक्यता अगदी थोडी, असे वाटते. प्रत्यक्षात ती ५० टक्क्यांहून किंचित अधिक आहे. कारण इथे माणसे मोजायची नसून जोड्या मोजायच्या असतात. तेवीस जणांच्या २५३ जोड्या होतात आणि जुळण्याची संधी प्रत्येक जोडीला असते. गट ५० जणांचा झाला की ही शक्यता ९७ टक्क्यांवर जाते.

आता हाच हिशेब संगीतकारांना लावू. आपल्याला चाळीस गायक-संगीतकारांचे जन्मदिन आणि स्मृतिदिन माहीत आहेत, असे धरा. म्हणजे ऐंशी तारखा झाल्या. त्यांच्या जोड्या होतात ३,१६०. त्यांना ३६५ ने भागले, तर नुसत्या योगायोगाने साडेआठच्या आसपास जुळण्या मिळायला हव्यात. दिनविशेषाच्या यादीत तर चाळीस नव्हे, शेकडो नावे असतात. त्यामुळे जुळणी दिसली, तर त्यात नवल नाही. एकही दिसली नसती, तर मात्र संशोधकांनी डोके खाजवले असते.

‘पण लतादीदींच्याच बाबतीत, आणि तेही त्यांच्याच गीतकाराबरोबर?’ असे कोणी म्हणेल. लतादीदींनी सत्तर वर्षांच्या आसपास गायन केले. त्यांच्याशी नाव जोडले गेलेले गीतकार, संगीतकार, सहगायक, वादक, निर्माते, अभिनेत्री यांची संख्या शेकड्यांत जाते. ठरावीक एका तारखेला कोणाचा तरी जन्मदिवस असण्याची शक्यता निम्मी होण्यासाठी २५३ माणसे पुरतात. पाचशे असतील, तर शक्यता सुमारे ७५ टक्के होते. पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात पाचशे रसिक बसले असताना निवेदकाने ‘आज कोणाचा वाढदिवस आहे का?’ असे विचारले, तर चारपैकी तीन वेळा कुठून तरी हात वर येईल. हात वर आला की आपण टाळ्या वाजवतो. तो दैवी संकेत आहे, असे कोणी म्हणत नाही.

शिवाय आपल्याकडे तारखा सारख्या विखुरलेल्याही नसतात. जुन्या पिढीत जन्मतारखेची नोंद नसेल, तर शाळेत नाव घालताना गुरुजी सरळ १ जून लिहून टाकत. त्यामुळे महाराष्ट्रात १ जूनला ‘जन्मलेल्यांची’ संख्या भलतीच मोठी आहे. काही तारखांना अशी गर्दी झाली की जुळण्याची शक्यता आणखी वाढते.

वाढदिवस आणि मृत्यू

दुसरी एक समजूत थोडी गंभीर आहे. माणूस आपल्या वाढदिवसाच्या किंवा एखाद्या सणाच्या आसपास जातो, किंवा तो दिवस पाहण्यासाठी प्राण धरून ठेवतो, असे आपण ऐकत आलो आहोत. अमेरिकेतील लोकसंगीताचे गायक मर्ल हॅगार्ड ६ एप्रिल २०१६ रोजी, आपल्या ७९ व्या वाढदिवशी वारले. जॅझ वादक सिडनी बेशे यांचा जन्म आणि मृत्यू दोन्ही १४ मे रोजी झाले.

या समजुतीची शास्त्रीय तपासणीही झाली आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात कर्करोगाने मृत्यू झालेल्या तीन लाखांहून अधिक व्यक्तींच्या नोंदी तपासून २००४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. वाढदिवसासाठी किंवा सणासाठी मृत्यू लांबल्याचा कोणताही पुरावा त्यात मिळाला नाही. उलट स्वित्झर्लंडमध्ये १९६९ ते २००८ या काळातील सुमारे २४ लाख मृत्यूंच्या अभ्यासात साठीपुढील लोकांमध्ये वाढदिवसाच्या दिवशी मृत्यूंचे प्रमाण जवळपास १४ टक्क्यांनी जास्त आढळले. त्यात हृदयविकार आणि पक्षाघात यांचा वाटा होता. त्या दिवसाचा ताण, दगदग, खाणेपिणे ही कारणे असू शकतात. काही वेळा नोंदीतल्या चुकांमुळेही असा फरक दिसतो.

हे १४ टक्के ऐकायला मोठे वाटतात. पण वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी एका दिवसाचा वाटा मुळातच इतका लहान असतो की, त्यात थोडी भर पडल्याने कोणाच्याही आयुष्याचे गणित बदलत नाही. वाढदिवसाला घाबरण्याचे कारण नाही. आजोबांच्या पंच्याहत्तरीला त्यांची रोजची गोळी चुकणार नाही, एवढे पाहावे.

सत्तावीसचे कोडे

पाश्चात्त्य संगीतात ‘सत्तावीसचा क्लब’ प्रसिद्ध आहे. जिमी हेंड्रिक्स, जॅनिस जॉप्लिन, जिम मॉरिसन, कर्ट कोबेन आणि एमी वाइनहाउस हे सगळे वयाच्या २७ व्या वर्षी गेले. हे वय कलाकारांना घातक असते, असा बोलबाला झाला. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९५६ ते २००७ या काळात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकाचा अल्बम देणाऱ्या १,०४६ संगीतकारांची माहिती तपासली गेली. २७ व्या वर्षी मृत्यूंचा वेगळा उंचवटा दिसला नाही. २५ आणि ३२ या वयांतही प्रमाण साधारण तेवढेच होते.

पण त्याच अभ्यासात दुसरी गोष्ट दिसली. विशी आणि तिशीतील या प्रसिद्ध संगीतकारांचा मृत्युदर त्याच वयाच्या सर्वसाधारण ब्रिटिश नागरिकांच्या दोन ते तीनपट होता. म्हणजे २७ हा आकडा फसवा होता, धोका मात्र खरा होता. लोक आकड्याभोवती गोष्टी रचत राहिले आणि धोका बाजूला राहिला.

आपल्या यादीतले वय

आपणही नेमके हेच करतो. दिनविशेषात आपण दिवस आणि महिना वाचतो, वर्षांची वजाबाकी करत नाही. ती करून पाहू.

मुकेश २७ ऑगस्ट १९७६ रोजी अमेरिकेत, डेट्रॉईट येथे दौऱ्यावर असताना गेले, वय ५३. मोहम्मद रफी ३१ जुलै १९८० रोजी गेले, वय ५५. किशोरकुमार यांचे वय ५८ होते. राहुलदेव बर्मन ४ जानेवारी १९९४ रोजी गेले, वय ५४. केके या नावाने तरुणांना माहीत असलेले कृष्णकुमार कुन्नथ ३१ मे २०२२ रोजी कोलकात्यातील कार्यक्रम आटोपून हॉटेलवर परतले आणि कोसळले, वय ५३. या पाचही जणांच्या मृत्यूचे कारण एकच सांगितले गेले : हृदयविकाराचा झटका.

इथे सावध राहायला हवे. पाच नावे निवडून काढणे हा तारखा जुळवण्यासारखाच खेळ होऊ शकतो. भीमसेन जोशी ८८ वर्षे जगले, लतादीदी ९२ वर्षे. तेव्हा पाच गायकांवरून निष्कर्ष काढायचा नाही, मोठ्या अभ्यासाकडे पाहायचे.

असा अभ्यास उपलब्ध आहे. ‘इंटरहार्ट’ या नावाने ५२ देशांत झालेल्या संशोधनातील दक्षिण आशियाई रुग्णांची माहिती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. प्रशांत जोशी हे त्या निबंधाचे पहिले लेखक. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका या देशांत हृदयविकाराचा पहिला झटका येण्याचे सरासरी वय ५३ आढळले, तर इतर देशांत ते ५९ च्या घरात होते. आपल्याकडे झटका जवळपास सहा वर्षे लवकर येतो. ज्या वयात मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते चालू असतात, नेमके त्या वयात.

हे नशीब आहे का? त्याच निबंधाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. तंबाखू, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, रक्तातील घातक चरबी, सुटलेले पोट, ताणतणाव, फळे-भाज्यांची कमतरता आणि व्यायामाचा अभाव ही कारणे आपल्याकडे कमी वयातच जमा होतात. हा फरक हिशेबात धरला की लवकर येणाऱ्या झटक्याचे कोडे बहुतांशी सुटते. म्हणजे सहा वर्षांचे हे अंतर मुख्यतः बदलता येण्याजोग्या गोष्टींचे आहे.

वेळीच काय करायचे

वयाची तिशी ओलांडली की रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा तरी तपासावी. सरकारी आरोग्य केंद्रांतही ही तपासणी होते. तंबाखू, मिश्री, गुटखा, सिगारेट यांपैकी काहीही ‘थोडेच’ असले तरी ते सोडावे. रक्तदाबाची गोळी ‘बरे वाटते’ म्हणून आपल्या मनाने बंद करू नये.

छातीच्या मध्यभागी दडपण, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत सरकणे, दरदरून घाम, धाप लागणे ही लक्षणे दिसली, तर ‘पित्त झाले असेल’ किंवा ‘गॅस धरला असेल’ म्हणत सोडा पिऊन वाट पाहू नये. मधुमेही व्यक्तींत आणि स्त्रियांत लक्षणे अस्पष्ट असू शकतात. नुसता थकवा, मळमळ किंवा दम लागणे एवढेच दिसते. १०८ क्रमांकावर फोन करावा आणि लवकरात लवकर ईसीजी काढून घ्यावा. स्वतः गाडी चालवत जाऊ नये.

समोरची व्यक्ती कोसळली, हाकेला प्रतिसाद देत नसेल आणि श्वास थांबला असेल, तर मदत येईपर्यंत छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात दाबत राहावे. मोठ्या माणसाची छाती किमान पाच सेंटिमीटर खाली जायला हवी आणि दर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायला हवे. हा वेग लक्षात राहावा म्हणून प्रशिक्षणात अनेक ठिकाणी ‘बी जीज’ या गटाच्या ‘स्टेइंग अलाइव्ह’ या गाण्याची लय वापरतात. ज्यांच्या कानात ताल आहे, त्यांनी तर हे शिकून घ्यावेच. कार्यक्रमांच्या आयोजकांनीही आपल्यातल्या दोघा-तिघांना हे प्रशिक्षण द्यावे.

घरचा दिनविशेष

आपल्या प्रत्येक घरातही एक दिनविशेष असतो. आजोबांच्या श्राद्धाची तिथी सगळ्यांना पाठ असते. काका गेले तो दिवस दिवाळीच्या आधीचा होता, हेही आठवते. पण त्या वेळी त्यांचे वय किती होते आणि ते नेमके कशाने गेले, हे विचारले की घरातली माणसे एकमेकांकडे पाहू लागतात.

डॉक्टरला तिथी नको असते, हीच माहिती हवी असते. वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर पुढच्या पिढीचा धोका जास्त धरला जातो आणि तपासण्या लवकर सुरू केल्या जातात. तेव्हा पुढच्या वेळी घरी कोणाची पुण्यतिथी असेल आणि चार नातलग जमतील, तेव्हा वही घेऊन बसा. नाव, मृत्यूच्या वेळचे वय, कारण, रक्तदाब किंवा मधुमेह होता का आणि तो कितव्या वर्षी कळला, एवढे चार रकाने पुरेत. आत्याला, मावशीला विचारा. त्यांना बरेच आठवत असते. मग ते पान आपल्या डॉक्टरांना दाखवा, आणि त्याची एक प्रत मुलांकडे द्या.