सजा दोर पिंजण्याची

शिडाच्या जहाजावरचा दोर निकामी झाला, तरी त्याची कामातून सुटका नसे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये असे डांबर मुरलेले जुने दोर तोडून तुरुंगांत आणि गरीबगृहांत पोचत. तिथली माणसं त्यांचा पीळ सोडवत, पेड गुडघ्यावर घोळून मऊ करत आणि बोटांनी धागा न् धागा सुटा करत. नखं फाटत, बोटं सोलवटत. या पिंजलेल्या तंतूंना म्हणत ओकम.

गोदीतला कारागीर त्याची सैलसर वात वळून फळ्यांच्या सांध्यात ठेवी, बोथट छिन्नी आणि मोगरीने ठोकून घट्ट बसवी आणि वर उकळतं डांबर ओती. लाटांवर जहाजाचं लाकूड सतत हलतं. तिथे ताठर लुकण तडकणारच; दबणारं आणि ओलाव्याने फुगणारंच काहीतरी हवं. डांबरामुळे ते लवकर कुजतही नसे.

१८३४च्या गरीब कायद्यानंतर गरीबगृहांतल्या निराधारांच्या कपाळी हे काम नेहमीचंच झालं. डिकन्सच्या नऊ वर्षांच्या ऑलिव्हर ट्विस्टला सकाळी सहापासून ओकम पिंजायचं फर्मान सुटतं. वर त्याला उपयोगी धंदा शिकवल्याचा आवही आणला जातो! हेन्री मेह्यू आणि जॉन बिन्नी यांच्या १८६२च्या पुस्तकात लंडनच्या कोल्डबाथ फील्ड्स तुरुंगातलं दालन आहे: सुमारे पाचशे कैदी ओकम पिंजताहेत, आणि बोलायला बंदी.

पण तोवर जहाजंच बदलू लागली होती. ‘वॉरियर’ ही लोखंडी युद्धनौका १८६० सालीच पाण्यात उतरली होती. रिव्हेट ठोकलेल्या पत्र्यांना ओकम कशाला? ते उरलं डेकच्या फळ्यांपुरतं आणि लाकडी होड्यांपुरतं. सजा मात्र उरली. १८९५ साली दोन वर्षांची सक्तमजुरी झालेल्या ऑस्कर वाइल्डलाही ते पिंजावं लागलं. म्हणजे गोदीची गरज ओसरली, तरी तुरुंगाची ओसरली नव्हती. १८९८च्या तुरुंग कायद्यानंतर इंग्लंडमध्ये असल्या कामांना हळूहळू ओहोटी लागली.

ब्रिटिश साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला चित्र वेगळं होतं. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये विसाव्या शतकातही कैदी नारळाची सोडणं मोगरीने कुटून काथ्या काढत होते. तिथल्या बोलीत ते ‘छिलका कुटणं’. १९११ साली तिथे नेलेल्या सावरकरांनी ‘माझी जन्मठेप’मध्ये त्याचं वर्णन केलं आहे. इथे माल होता नवा आणि तंतू नारळाचा. पण संध्याकाळी तो ठरल्या वजनाचा भरला नाही, तर शिक्षा होती.