खेकड्याच्या अंड्याला चुन्याचं कवच नसतं

"चिंबोरीची अंडी चावून खा, त्यांच्या कवचात भरपूर कॅल्शियम असतं." मासळीबाजारात हा सल्ला मिळतो, नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो आणि गुडघेदुखीवरचा उपाय म्हणूनही खात्रीने सांगितला जातो. त्यामागचा तर्क असा: खेकड्याची पाठ चुन्यामुळे टणक होते, कोंबडीच्या अंड्याचं कवचही चुन्याचं असतं, मग खेकड्याच्या अंड्याचं कवच चुन्याचंच असणार. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी साफ चुकीची आहे, आणि कितीदा सांगितलं तरी ती पुन्हा कानावर येतेच.

कोंबडीच्या अंड्याच्या कवचात सुमारे 94 टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं. खेकड्याच्या अंड्याभोवती मात्र एकमेकांना लागून बसलेले पातळ, लवचीक पापुद्रे असतात. ते मुख्यतः प्रथिनांचे आणि शर्करा जोडलेल्या प्रथिनांचे बनतात. शंका असेल त्यांच्यासाठी पुरावाही आहे. युरोपच्या किनाऱ्यावरच्या हिरव्या खेकड्याची अंडी मारी गुडो आणि फ्राँस्वाज लाशेज यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि त्यांचा अभ्यास 1980 साली प्रसिद्ध झाला. या आवरणाचा बराचसा माल अंडं स्वतःच आपल्या पृष्ठभागालगतच्या कणांतून बाहेर टाकतं, असं या कामातून दिसलं.

असं का, हेही समजून घ्या. कोंबडीचं अंडं जमिनीवर असतं. त्याला सुकण्यापासून वाचायचं असतं आणि उबवणाऱ्या कोंबडीचा भारही पेलायचा असतो. खेकड्याचं अंडं पाण्यात असतं. आतला जीव पाण्यात विरघळलेला प्राणवायू आवरणातूनच घेतो. वाढताना अंडं पाणी शोषून फुगतं, त्यामुळे आवरण ताणलं जावं लागतं. चुन्याची पेटी ताणली जात नाही.

घरी पडताळून पाहायचं असेल तर चिंबोरीच्या पाठीच्या कवचाचा तुकडा व्हिनेगरमध्ये टाका. चुना आम्लात विरघळून त्यावर बारीक बुडबुडे येतील. तिच्या पोटाखाली बाहेर चिकटलेली अंडी असतील तर त्यांचा पुंजका स्वच्छ धुऊन दुसऱ्या वाटीत टाका. तिथे तसे बुडबुडे येणार नाहीत.

आणखी एक घोळ आहे. आपण चवीने खातो ती केशरी गाभोळी म्हणजे मादीचं अंडाशय. त्यातल्या अंड्यांची ही आवरणं अजून पुरी तयारच झालेली नसतात. खरी अंडी घातल्यानंतर मादी ती पोटाखाली दुमडलेल्या झडपेत, पायांच्या केसांना चिकटवून बाळगते. चिंबोरीचं एक अंडं साधारण 0.3 मिलिमीटरचं असतं आणि एका वेळी अशी लाखो असतात. गाभोळीत प्रथिनं आणि चरबी भरपूर असते, ती जरूर खा. पण हाडांसाठी खात असाल तर दूध, नाचणी आणि तीळ यांच्याकडे वळा. खेकड्यातला चुना पाठीत असतो, आणि ती आपण फेकून देतो.

आता काही छोटे गैरसमज.

"काळी पडलेली अंडी सडलेली असतात." नाही. बलक संपत आला आणि पिल्लांचे डोळे काळे झाले की केशरी अंडी तपकिरी, मग काळपट दिसू लागतात. ती फुटण्याच्या बेतात असतात.

"कोळंबीही अंडी पोटाशी बाळगते." गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी बाळगते. समुद्रातली वाघ कोळंबी अंडी थेट पाण्यात सोडते, आणि पाणी लागताच अंड्यातून बाहेर पडणाऱ्या द्रव्याचा जेलीसारखा थर त्याभोवती तयार होतो.

"आर्टेमिया या कोळंबीसारख्या छोट्या जीवाच्या अंड्याचं तपकिरी कवच ब्लीचने विरघळतं, म्हणजे ते चुन्याचं." उलट आहे. चुना आम्लात विरघळतो, आणि ब्लीचचं द्रावण अल्कधर्मी असतं. कोळंबीच्या बीजकेंद्रांत पिल्लांना खाद्य म्हणून वापरल्या जाणाऱ्या या अंड्यांचं बाह्य कवच लायपोप्रोटीन, कायटिन आणि हिमॅटिन यांचं असतं. द्रावणात ढवळल्यावर तपकिरी रंग काही मिनिटांत जाऊन आतला केशरी गर्भ दिसतो. खालचा पापुद्रा शाबूत राहतो, म्हणून वेळेवर धुतलेली अंडी नंतर फुटतात.

"तो तपकिरी रंग म्हणजे मळ." तो हिमॅटिनचा रंग आहे आणि तो गर्भाला अतिनील किरणांपासून वाचवतो.

पोटाखाली अंडी घेतलेली मादी जाळ्यात आली तर तिला पाण्यात परत सोडा. त्या अंड्यांतून पुढची चिंबोरी येते. कॅल्शियमसाठी ती अंडी खाण्यात काहीच हशील नाही.