गजाननराव पेंढरकरांकडून शिकण्यासारखं

सौंदर्यप्रसाधनांचं मार्केटिंग म्हटलं की सगळे परदेशी ब्रँडांची उदाहरणं देतात. मी मात्र विकोचं देते. केशव विष्णू पेंढरकरांनी 1952 साली परळमध्ये ही कंपनी सुरू केली, दंतमंजन दारोदार विकलं. फार्मसी शिकलेला त्यांचा मुलगा, गजाननराव, पुढे कंपनीचा कर्ताधर्ता झाला.

1975 च्या सुमारास विको टर्मरिक क्रीम आलं. हळद लावून चेहरा पिवळा होणार, ही गिऱ्हाइकाची पहिली शंका. विक्रेते आरसा घेऊन दुकानात जात आणि तिथंच क्रीम लावून दाखवत! बजेट तुटपुंजं असलं तरी असं प्रात्यक्षिक परवडतं, हे आजच्या ब्रँड मॅनेजरांनी जरूर टिपून घ्यावं.

जाहिरातीतही तोच धडाका. आधी चित्रपटगृहं, मग व्हिडिओ कॅसेट. 1984 मध्ये दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’ सुरू झाली तेव्हा प्रायोजक विकोच. प्रायोजित मालिका हा प्रकारच तेव्हा नवा होता.

पण मला सगळ्यात भावतो तो अबकारी खात्याशी झालेला वाद. खातं म्हणे, ही सौंदर्यप्रसाधनं, त्यामुळे कर जास्त. कंपनी म्हणे, आयुर्वेदिक औषधं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, वर्षानुवर्षं चाललं आणि विको जिंकली. जाहिरातीतही कंपनी हेच ठासून सांगत होती. मार्केटिंगवाले आणि वकील एकच गोष्ट बोलताहेत, असं किती कंपन्यांत दिसतं?

गजाननराव 2015 मध्ये गेले. कंपनी आजही पेंढरकर कुटुंबच चालवतं.