अविवाहित माता-पित्यांची मालमत्ता आणि त्यांचे वारस

अठराव्या शतकात पवार सरदारांबरोबर महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे माळव्यात गेली आणि धार व देवास येथे कायमची स्थायिक झाली. आजही त्यांपैकी कित्येकांचा वाडा तिकडे, तर शेतजमिनीचा हिस्सा इकडे, अशी स्थिती आढळते. अशा कुटुंबात कोणी मृत्युपत्र न करता निवर्तले म्हणजे दोन्ही राज्यांतील नातेवाइकांपुढे वारसाचा प्रश्न उभा राहतो. मृत व्यक्ती अविवाहित असून तिला अपत्य असेल, तर हा प्रश्न अधिक नाजूक होतो. लोकलज्जेमुळे त्याची उघड चर्चा होत नाही. “लग्नाशिवाय झालेल्या मुलाला काहीच मिळत नाही” असा समज सर्वत्र पसरलेला असतो आणि त्या समजापोटी अज्ञान बालकाचा कायदेशीर हक्क कागदावरून पुसला जातो. हा समज अर्धाच खरा आहे. आईच्या मालमत्तेच्या बाबतीत तो सर्वस्वी चुकीचा आहे. वडिलांच्या बाबतीत तो पुष्कळ अंशी खरा आहे, आणि म्हणूनच तेथे वेळीच तजवीज करणे आवश्यक आहे.

लागू होणारा कायदा

हिंदू उत्तराधिकार अधिनियम १७ जून १९५६ रोजी अमलात आला. त्या वेळी धार व देवास ही पूर्वीची संस्थाने मध्य भारत राज्यात होती. त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी तो प्रदेश मध्य प्रदेशात समाविष्ट झाला. हा अधिनियम हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना लागू असून महाराष्ट्र व मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांत त्याच्या तरतुदी सारख्याच आहेत. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भूराजस्व संहितेनुसारही भूमिस्वामीच्या जमिनीचा वारसा त्याच्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणेच ठरतो. म्हणून पुढील विवेचन दोन्हीकडील वाचकांस सारखेच उपयोगी पडेल.

आईची मालमत्ता

अधिनियमाच्या कलम ३ मध्ये “नातेसंबंध” याचा अर्थ औरस नातेसंबंध असा दिला आहे. परंतु त्याच ठिकाणी एक महत्त्वाचे परंतुक आहे. अनौरस अपत्यांचा त्यांच्या आईशी, तसेच एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या अशा अपत्यांचा परस्परांशी, नातेसंबंध आहे असे मानावे, असे ते परंतुक सांगते. कलम १५ अन्वये स्त्रीच्या मालमत्तेचे पहिले वारस तिचे मुलगे, मुली व पती हे होत. आईवडील त्यानंतर येतात आणि भाऊ-बहिणींचा क्रम त्याहूनही पुढचा आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, देवास येथील एका अविवाहित शिक्षिकेने स्वतःच्या मिळकतीतून घर बांधले. तिला एक मुलगी आहे. मृत्युपत्र न करता ती वारली. या घराची संपूर्ण मालकी त्या मुलीकडे जाते. शिक्षिकेचे आईवडील हयात असले तरी मुलगी असेपर्यंत त्यांना वाटा नाही. भावांचा तर प्रश्नच उद्भवत नाही. मुलीच्या पित्याचे नाव कोठे नोंदलेले नाही, एवढ्या कारणावरून तिचा हक्क नाकारता येत नाही. उलटपक्षी, पुढे ती मुलगी पती व अपत्य नसताना मृत्युपत्राविना वारली, तर आईकडून वारशाने आलेली ही मालमत्ता कलम १५ च्या विशेष तरतुदीनुसार आईच्या वडिलांच्या वारसांकडे न जाता तिच्या स्वतःच्या पित्याच्या वारसांकडे जाण्याचा वाद निर्माण होऊ शकतो. म्हणून अशा मुलीने सज्ञान झाल्यावर स्वतःचे मृत्युपत्र अवश्य करून ठेवावे.

वडिलोपार्जित मालमत्तेबाबतही एक बदल ध्यानात घ्यावा. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या सुधारणेने मुलगी ही मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद झाली. अविवाहित मुलीचा एकत्र कुटुंबातील हा हिस्सा तिच्या मृत्यूनंतर तिच्या अपत्याकडे जातो. “ही तर आमची वडिलोपार्जित जमीन” एवढे म्हणून भावांना तो स्वतःकडे ठेवता येत नाही.

वडिलांची मालमत्ता

पित्याच्या संदर्भात मात्र वर उल्लेखिलेल्या परंतुकाचा लाभ मिळत नाही. पुरुषाच्या मालमत्तेचे प्रथम वर्गातील वारस म्हणजे मुलगे, मुली, विधवा, आई इत्यादी होत. परंतु कोणत्याही प्रकारचा विवाह न झालेल्या संबंधातून जन्मलेले अपत्य या अर्थी “मुलगा” वा “मुलगी” ठरत नाही. अशा अविवाहित पुरुषाची आई हयात असल्यास सर्व मालमत्ता तिच्याकडे, ती नसल्यास वडिलांकडे आणि तेही नसल्यास भाऊ-बहिणींकडे जाते. त्याच्याबरोबर राहणाऱ्या स्त्रीलाही विधवा म्हणून वाटा मिळत नाही.

या नियमाला तीन महत्त्वाच्या मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा निरर्थक विवाहाची. पहिली पत्नी हयात असताना केलेला दुसरा विवाह कायद्याने निरर्थक असतो. तथापि हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १६ मध्ये १९७६ साली झालेल्या सुधारणेमुळे अशा विवाहाची अपत्ये औरस मानली जातात. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ च्या निर्णयात स्पष्ट केले आहे की, अशा अपत्यास आईवडिलांच्या स्वतंत्र मालमत्तेत, तसेच एकत्र कुटुंबाची कल्पित वाटणी केल्यास त्या आईवडिलांच्या वाट्यास जो हिस्सा येईल त्यात वारसा मिळतो. इतर नातेवाइकांच्या हिश्शावर मात्र त्याला हक्क सांगता येत नाही. यासाठी विवाहविधी झाला होता, हे सिद्ध व्हावे लागते.

दुसरी मर्यादा विवाहाच्या गृहीतकाची. स्त्री-पुरुष दीर्घकाळ पती-पत्नी म्हणून एकत्र राहिले व समाजाने त्यांना तसे मानले, तर विरुद्ध पुरावा नसल्यास त्यांचा विवाह झाला होता असे न्यायालय गृहीत धरू शकते. सुमारे पन्नास वर्षे एकत्र राहिलेल्या एका जोडप्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हे तत्त्व लागू केले. मध्य प्रदेशातून आलेल्या एका वादात २००८ साली आणि केरळमधील एका वाटणीच्या दाव्यात २०२२ साली त्याचाच पुनरुच्चार झाला. शिधापत्रिका, मतदार यादी, शाळेचे प्रवेश-पुस्तक, रुग्णालयाचे कागद यांतील नोंदी येथे पुरावा म्हणून मोलाच्या ठरतात.

तिसरी मर्यादा रूढीची. माळव्यातील अनेक समाजांत विधवा किंवा विभक्त स्त्री सप्तपदीविना दुसरा संसार मांडते, त्यास नातरा म्हणतात. महाराष्ट्रात पाट किंवा मोहतूर म्हणतात, तसाच हा प्रकार होय. समाजाची प्रस्थापित रूढी असा संबंध विवाह मानत असेल, तर ते जोडपे अविवाहित नव्हे आणि त्यांची अपत्ये औरसच होत.

अनुसूचित जमाती

धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची असून भिल्ल व भिलाला हे तेथील प्रमुख समाज आहेत. केंद्र शासनाने अधिसूचनेद्वारे तसे जाहीर केल्याखेरीज हिंदू उत्तराधिकार अधिनियम अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यांचा वारसा जमातीच्या रूढीनुसार ठरतो आणि रूढी सांगणाऱ्याने ती पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्णयात, स्त्रियांना वगळणारी रूढी सिद्ध झाली नसताना आदिवासी स्त्रीच्या वारसांना समान हिस्सा नाकारता येणार नाही, असे म्हटले आहे. तेव्हा वारसनोंद करताना “तुमच्यात असेच चालते” या ऐकीव माहितीवर विसंबणे योग्य नव्हे.

पालकत्व, पोटगी व दत्तक

अज्ञान अपत्याला घर मिळाले, तरी त्याचा कारभार कोणी पाहावयाचा? अविवाहित मातेच्या अपत्याची प्रथम पालक आई व तिच्या पश्चात पिता, असे १९५६ चा पालकत्वविषयक अधिनियम सांगतो. अविवाहित मातेने शपथपत्र दिल्यास तिच्या अपत्यास जन्मदाखला द्यावा, त्यासाठी पित्याचे नाव उघड करण्याची सक्ती करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ठरविले. हा दाखला म्हणजेच पुढे आईच्या वारशाचा मुख्य आधार होय. म्हणून ग्रामसेवक व शिक्षक यांनी अशा नोंदी विनाविलंब व अचूक कराव्यात.

पित्याचा वारसा न मिळणारे अपत्यही सर्वस्वी निराधार नाही. १९५६ च्या दत्तक व निर्वाह अधिनियमानुसार असा अनौरस मुलगा सज्ञान होईपर्यंत आणि अशी मुलगी अविवाहित असेपर्यंत मृत पित्याच्या आश्रितांत गणली जाते. मालमत्ता ज्यांच्याकडे गेली, त्या वारसांवर त्या मालमत्तेतून तिचे वा त्याचे पोषण करण्याची जबाबदारी आहे.

अविवाहित स्त्री वा पुरुषाने विधिवत दत्तक घेतलेले अपत्य मात्र दत्तकविधीच्या दिवसापासून सर्व दृष्टींनी त्यांचे अपत्य होते व पूर्ण वारस ठरते. धारला दत्तकाची प्रथा नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी राणी मैनाबाई यांनी आपला बालपुत्र निवर्तल्यावर बहिणीच्या मुलास दत्तक घेऊन गादी राखली होती. आज तोच अधिकार सामान्य अविवाहित स्त्रीलाही कायद्याने प्राप्त झाला आहे.

काय करावे?

मृत्यूनंतर प्रथम मृत्युदाखला घ्यावा. शेतजमिनीसाठी महाराष्ट्रात तलाठ्याकडे वारसनोंदीचा, तर मध्य प्रदेशात पटवारी अथवा तहसील कार्यालयाकडे फौती नामांतरणाचा अर्ज करावा. बँकेतील ठेवी व रोखे यांसाठी जरूर तेथे दिवाणी न्यायालयाकडून उत्तराधिकार प्रमाणपत्र मिळवावे. दोन गोष्टी विसरू नयेत. महसुली दप्तरात नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नव्हे, आणि नाव लागले नाही म्हणून ती नष्टही होत नाही. तसेच बँकेत नामनिर्देशित केलेली व्यक्ती रक्कम स्वीकारण्यास पात्र असते. त्या रकमेवर अंतिम हक्क वारसांचाच असतो. अज्ञान बालकाच्या वतीने कोणी हक्कसोडपत्र मागितल्यास ते करून देऊ नये. न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून पालकास अज्ञानाची स्थावर मालमत्ता विकता येत नाही.

सर्वांत सोपा उपाय मृत्युपत्राचा आहे. त्यावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही; मात्र पुढील वाद टाळण्यासाठी ती करून घेणे हितावह होय. लाभ मिळणाऱ्यास साक्षीदार करू नये. अविवाहित पित्याने अपत्याचे नाव व जन्मतारीख स्पष्ट लिहून त्यास काय द्यावयाचे ते नमूद करावे. ज्यांना मोफत विधी साहाय्य हवे असेल, त्यांनी आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट न लावता साहाय्य मिळते.

इंग्लंडमध्ये १९६९ च्या कायद्याने अनौरस अपत्यास आई व वडील या दोघांचाही वारसा दिला. आपल्याकडे आईपुरता हा हक्क १९५६ पासूनच आहे, पण तो असल्याचे गावोगावी ठाऊक नाही. वारसनोंदीचा अर्ज हाती घेणारा कर्मचारी, शाळेत नाव नोंदविणारा शिक्षक आणि पंचायतीत बसणारे जाणते गावकरी यांनी एवढे ध्यानात ठेवले, तरी आईच्या घरातून तिच्याच लेकराला बाहेर काढले जाण्याचे प्रसंग पुष्कळ अंशी टळतील.