टॅब आला, वाचन आलं का?

ग्रामीण भारतात 2018 साली शंभरांतल्या साधारण 36 कुटुंबांकडे स्मार्टफोन होता. 2022 मध्ये हा आकडा 75 च्या जवळ पोचला. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीतला याच दोन वर्षांचा दुसरा आकडा वाचला की माणूस थबकतो. तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता, त्यांचं प्रमाण याच काळात 27 टक्क्यांवरून 20.5 टक्क्यांवर घसरलं. फोन दुप्पट झाले आणि वाचणारी मुलं कमी झाली.

या घसरणीचा दोष फोनवर टाकणं चुकीचं होईल. करोनाकाळात शाळा बंद होत्या, ही तिची मोठी बाजू आहे. पण घरोघरी आलेला फोन शाळेची जागा भरून काढू शकला नाही, हेही हेच आकडे सांगतात. 2024 मध्ये वाचनाचं प्रमाण पुन्हा 27 टक्क्यांवर आलं, तेव्हा मुलं वर्गात परतली होती. पहिली ते आठवीच्या शिक्षणात मोबाइल, टॅब, प्रोजेक्टर यांचा उपयोग किती आणि कसा, याबद्दल पालकसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दोन टोकांची मतं ठामपणे मांडली जातात. दोन्ही बाजूंचे बरेचसे समज प्रत्यक्ष प्रयोगांपुढे टिकत नाहीत.

‘यंत्र हातात द्या, मूल आपोआप शिकेल’

या समजाची सगळ्यांत महागडी परीक्षा आपल्या कर्जत तालुक्याशीही जोडलेली आहे. एमआयटीचे निकोलस निग्रोपॉन्टे यांनी ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ ही जागतिक मोहीम सुरू केली. तिचा भारतातला पहिला प्रयोग 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या याच तालुक्यातल्या खैरात या छोट्या गावातल्या एकशिक्षकी शाळेत झाला. हिरव्या-पांढऱ्या रंगाचं, दणकट, लहान हातांना पेलणारं ते यंत्र ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’ म्हणून गाजलं, प्रत्यक्षात मात्र त्याची किंमत त्याहून बरीच जास्त निघाली. भारतात मोहीम फार पसरली नाही. पेरू देशाने मात्र लाखो लॅपटॉप विकत घेतले आणि डोंगराळ खेड्यांतल्या प्राथमिक शाळांपर्यंत पोचवले.

2012 मध्ये पेरूतल्या 319 ग्रामीण शाळांचा काटेकोर अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलं संगणक जास्त वापरू लागली होती, आकृतिबंध ओळखण्यासारख्या काही बौद्धिक चाचण्यांत किंचित पुढेही गेली होती. भाषा आणि गणित मात्र जिथल्या तिथे होतं. लॅपटॉप आले तरी वर्गात शिकवण्याची रीत बदलली नव्हती. कोणत्या धड्याला यंत्राचं काय काम, हे शिक्षकांपर्यंत पोचलंच नव्हतं.

1999 मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्रा यांनी भिंतीत संगणक बसवला, तेव्हा वस्तीतली मुलं कुणी न शिकवता तो चालवायला शिकली. पुढे सिंधुदुर्गातही असे संगणक लागले. मुलांचं कुतूहल अफाट असतं, हे त्या प्रयोगाने जगाला दाखवलं आणि ते खरंच आहे. पण माउस फिरवायला शिकणं आणि हातच्याची वजाबाकी शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी कुणीतरी चूक नेमकी कुठे झाली ते दाखवावं लागतं.

‘चांगलं सॉफ्टवेअर असलं की शिक्षकाची गरज कमी होते’

या समजाचं उत्तर गुजरातेत सापडतं, आणि ते इतकं स्पष्ट आहे की खरेदीचा प्रस्ताव मांडणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा वाचायला हवं. ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या दुसरी-तिसरीच्या वर्गांत गणिताचा तोच संगणक-कार्यक्रम दोन तऱ्हांनी वापरला गेला. काही ठिकाणी शाळेच्या वेळात, म्हणजे शिक्षकाच्या तासाऐवजी. काही ठिकाणी शाळेच्या वेळेबाहेर, जादा सराव म्हणून. ली लिंडन यांनी 2008 मध्ये मांडलेला निष्कर्ष असा : तासाऐवजी संगणक मिळालेली मुलं इतरांपेक्षा मागे पडली, जादा सराव मिळालेली पुढे गेली. कार्यक्रम तोच होता, फक्त त्याने कशाची जागा घेतली हे वेगळं होतं.

वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेने चौथीच्या मुलांसाठी आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ संगणकावर घेतले. एका संगणकासमोर दोन मुलं बसत. गणितात लक्षणीय सुधारणा झाली. हा अभ्यास करणाऱ्यांत पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने मोजलं, तेव्हा मिळवलेल्यातला बराच भाग ओसरला होता, ही नोंदही त्यांनी प्रामाणिकपणे केली आहे.

दिल्लीचा प्रयोग याहून बोलका आहे. ‘माइंडस्पार्क’ या कार्यक्रमाच्या शाळेनंतरच्या केंद्रांत सरकारी शाळांतल्या उच्च प्राथमिक व माध्यमिक मुलांना चिठ्ठ्या टाकून मोफत प्रवेश दिला गेला. रोज 45 मिनिटं संगणकावर आणि 45 मिनिटं छोट्या गटात माणसाकडून शिकवणी. सुरुवातीच्या चाचणीत दिसलं, की सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. पुस्तक सहावीचं, समज तिसरी-चौथीची. माइंडस्पार्क प्रत्येक मुलाची खरी पातळी ओळखून तिथूनच उदाहरणं देतं. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला हे करणं अत्यंत अवघड असतं. साडेचार महिन्यांनी चिठ्ठी निघालेल्या मुलांची गणितातली प्रगती इतरांच्या दुपटीहून अधिक होती.

यातला एक धागा पालकांनी जरूर लक्षात ठेवावा. शाळेच्या गणिताच्या परीक्षेत ही प्रगती जवळजवळ दिसलीच नाही. प्रश्नपत्रिका सहावीची होती आणि मूल तिसरीवरून चौथीवर आलं होतं. अशा मुलाच्या प्रगतिपुस्तकाकडे पाहून ‘काही उपयोग झाला नाही’ असं म्हणणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे.

‘घरात स्मार्टफोन आहे, म्हणजे मुलाच्या अभ्यासाची सोय झाली’

घरातला फोन बहुतेक वेळा वडिलांच्या खिशात असतो आणि सकाळी त्यांच्याबरोबर कामावर जातो. ‘असर’च्या 2021 च्या पाहणीत, घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी 26 टक्क्यांना तो वापरायला मिळतच नव्हता. लहान इयत्तांत हे प्रमाण आणखी जास्त होतं. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवलेला गृहपाठ ज्यांना सगळ्यांत जास्त गरज होती त्यांच्यापर्यंत पोचण्याची शक्यता सगळ्यांत कमी होती.

थोड्या मोठ्या, 14 ते 16 वर्षांच्या मुलांचं चित्र ‘असर’ 2024 मध्ये दिसतं. 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी 76 टक्क्यांनी पाहणीआधीच्या आठवड्यात समाजमाध्यमं पाहिली होती, अभ्यासासंबंधी काही केलं होतं 57 टक्क्यांनी. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन 36 टक्के मुलग्यांकडे होता. मुलींमध्ये हेच प्रमाण 27 टक्के होतं. फोनवर अभ्यास देताना वर्गातल्या मुली सहज मागे राहू शकतात, याचा विचार शिक्षकाला आधीच करावा लागतो.

‘नवं, महाग तंत्र नसेल तर काही होणार नाही’

बोट्स्वानात 2020 मध्ये शाळा बंद असताना तिसरी ते पाचवीच्या मुलांच्या घरी साध्या मोबाइलवर दर आठवड्याला गणिताचे लघुसंदेश पाठवले गेले. काही घरांना त्यासोबत शिकवणाऱ्याचा वीसेक मिनिटांचा फोनही यायचा. नुसत्या संदेशांनी फरक पडला नाही, फोन आलेल्या घरांतली मुलं गणितात पुढे गेली. पुढे भारत, नेपाळ, केनिया, फिलिपीन्स आणि युगांडा या देशांत फोनवरची अशी शिकवणी तपासली गेली, तिथेही मुलांचं गणित सुधारलं. कॅमेरा नाही, अ‍ॅप नाही, इंटरनेट नाही. बटणांचा फोन, पलीकडे माणूस आणि मुलाला आज काय येतं ते पाहून दिलेला पुढचा प्रश्न.

महाराष्ट्रातही त्या काळात ‘सह्याद्री’ वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीसाठीची मालिका चालली, आणि पालघर जिल्ह्यातल्या काही आदिवासी पाड्यांवर ध्वनिवर्धकावरून ‘बोलकी शाळा’ भरली. जिथे रेंज पोचत नव्हती तिथे आवाज पोचला. अशा प्रयत्नांना तात्पुरती डागडुजी समजून विसरून जाणं फार मोठं नुकसान ठरेल.

‘प्रत्येक मुलाच्या हातात टॅब हवाच’

केनियाच्या किसुमू भागात सुरुवातीच्या इयत्तांतल्या वाचनासाठी तीन रीती शेजारी ठेवून तपासल्या गेल्या : मुलांच्या हातात वाचनयंत्र, शिक्षकाच्या हातात टॅब, किंवा शाळांना भेटी देणाऱ्या मार्गदर्शकाच्या हातात टॅब. तिन्हींनी वाचन सुधारलं आणि तिन्हींत ठळक फरक नव्हता. सगळ्यांत कमी खर्चाची रीत तिसरी होती. आपल्याकडच्या रचनेत ते काम केंद्रप्रमुखाचं. त्याच्याकडे वर्गागणिक वाचनाच्या नोंदी असतील आणि तो शिक्षकाशेजारी बसून त्यांवर बोलेल, तर दहा-बारा शाळांना एका यंत्राचा उपयोग होतो.

लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि टीव्ही घेणाऱ्या जिल्हा परिषद शाळा महाराष्ट्रात गावोगावी आहेत. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातला पष्टेपाडा, सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातली परितेवाडी ही नावं यामुळे राज्यभर पोचली. परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं, तेव्हा पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याची त्यांची कल्पना जगभर चर्चेत आली. त्यांनी दहा लाख डॉलरच्या पारितोषिकातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. या शाळांचं कौतुक करताना यंत्रांची यादी सांगितली जाते आणि पाठाशी यंत्र जुळवण्यात शिक्षकाने घातलेले तास सांगायचे राहून जातात. ते तास खरेदीच्या बिलात येत नाहीत, म्हणून दुसऱ्या शाळेत तीच यंत्रं कपाटात पडून राहतात.

विजेचा प्रश्नही आहेच. वीजबिल थकल्याने जोडणी तोडलेल्या जिल्हा परिषद शाळांच्या बातम्या वारंवार येतात. ‘यूडायस प्लस’ या शाळांच्या सरकारी माहितीसंचाच्या 2023-24 च्या नोंदींनुसार देशातल्या सुमारे 57 टक्के शाळांत संगणक होते आणि 54 टक्क्यांत इंटरनेट. एकरकमी खर्चाला देणगीदार मिळतो. दर महिन्याचं बिल कोण भरणार, हे समितीने खरेदीआधी इतिवृत्तात लिहून ठेवायला हवं.

‘मोबाइलनेच चष्मा लागतो’

जवळचं सतत पाहण्याचा डोळ्यांवर ताण येतो, हे खरं. पण मोकळ्या उजेडात जाणं कमी होतं, हेही तितकंच मोठं कारण आहे. चीनमधल्या ग्वांगझूच्या प्राथमिक शाळांत पहिलीपासून तीन वर्षं रोज 40 मिनिटांचा जादा मैदानी तास घेतला. त्या मुलांत लघुदृष्टी नव्याने येण्याचं प्रमाण 30 टक्के राहिलं, तास न मिळालेल्यांत ते जवळपास 40 टक्के होतं. म्हणजे संगणकाच्या तासासाठी खेळाचा तास कापणारी शाळा मुलांचं दुहेरी नुकसान करते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा : दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओवर बोलणं एवढाच अपवाद, दोन ते पाच वर्षांपर्यंत जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांहून कमी.

‘कागदावर वाचा की पडद्यावर, सारखंच’

सारखं नाही. 2018 मध्ये 54 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला; त्यांत एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना जास्त समजला, आणि वेळेची मर्यादा असताना हा फरक वाढला. गोष्टींच्या वाचनात फरक आढळला नाही. परिसर अभ्यासाचा धडा पुस्तकातून वाचावा आणि अवांतर गोष्ट पडद्यावर वाचली तरी चालेल, अशी वाटणी यातून सुचते.

‘इंटरनेटवर सगळं आहेच’

मराठीतल्या मुलाला बरंच मिळतं. ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. 2017 पासूनच्या ‘दीक्षा’ या मंचावर पाठांना जोडलेलं साहित्य आहे. पण नंदुरबारला घरात पावरी किंवा मावची, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी बोलणारं मूल पहिलीत येतं, तेव्हा त्याला पुस्तकातली मराठीच नवी असते. त्याच्यासाठी मराठी व्हिडिओ म्हणजे समजत नसलेलं बोलणं, जरा मोठ्या आवाजात.

इथे तंत्रज्ञानाने खरं काम करून दाखवलं आहे. ‘प्रथम बुक्स’चा ‘स्टोरीवीव्हर’ हा मंच 2015 पासून मुलांच्या गोष्टी खुल्या परवान्याखाली देतो. करोनाकाळातल्या राज्याच्या ‘गोष्टींचा शनिवार’ या उपक्रमात याच मंचावरच्या गोष्टी घरोघरी गेल्या. गोंडी बोलणाऱ्या लोकांनी एकत्र बसून शेकडो बालगोष्टी आपल्या भाषेत आणल्या, त्याही इथे आहेत. यातली कोणतीही गोष्ट केंद्रशाळेच्या प्रिंटरवर छापून पहिलीच्या वर्गात नेता येते, शेजारच्या ओळीत मराठी लिहिता येते, गावातल्या आजीला वाचून दाखवून तिच्याकडून शब्द दुरुस्त करून घेता येतो. त्यासाठी परवानगी मागावी लागत नाही आणि पैसेही भरावे लागत नाहीत.